सत्तर किलोची अनुसयाबाई

भाकरीच्या पिठात आपण मका मिसळत नाही, हे सुनंदा मला तिसऱ्यांदा शपथेवर सांगत होती. तिच्यामागे रांगेत अकरा माणसं होती. औषधाच्या खिडकीवर लोक काय काय सांगतात याची तुम्हाला कल्पना नाही. मी "हं" म्हणते आणि गोळ्यांच्या पट्ट्या कापते. सुनंदालाही माझं मत नको होतं. तिला सासूसाठी भूक लागायची बाटली हवी होती.

"बुढी म्हणते, तू मले मक्याची भाकर देऊन राह्यली. ज्वारी लेकरायले अन मका मले," ती म्हणाली. "मॅडम, आमच्या घरात मक्याचा दाणा नाही. म्या सोता ज्वारी निवडते, सोता दळून आणते. तरी तिले भाकर पिवळी दिसते. बारा दिवस झाले, ताटाले हात लावत नाही. उद्या नणंद येऊन राह्यली किनवटहून. ती काय म्हणन? सुनेनं माय उपाशी मारली."

मी बाटली काउंटरवर ठेवली, चिठ्ठीवर शिक्का मारला, आणि मगच 'पिवळी' हा शब्द मला ऐकू आला.

ईशा, रोहन, तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता की अडुसष्टाव्या वर्षी आजी अजून दवाखान्यात कशाला जाते. हे त्याचं उत्तर, जरा लांबलेलं. रोहन, तू कंपनीत फॉर्म बनवतोस आणि न भरलेल्या रकान्यापुढे लाल चांदणी उगवेल अशी सोय करतोस, असं तुझी आई कौतुकाने सांगते. तुझ्यासाठी यात थोडं जास्त आहे.

आधी जागा सांगते. सरकारी नोकरीतून फार्मासिस्ट म्हणून निवृत्त झाल्यावर मी आदिलाबादमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आठवड्यातून चार दिवस बसते. आम्ही एकूण चौघं: कॉम्प्युटर, डॉक्टर, नर्स आणि मी. हा मानाचा क्रम आहे. तामसी, बोथ, नेरडीगोंडा अशा सगळीकडून माणसं बसने येतात. ट्रस्टचे सेक्रेटरी हैदराबादला असतात. ते पेशंट बघत नाहीत, डॅशबोर्ड बघतात. डॅशबोर्ड म्हणजे कोणत्या दवाखान्यात किती नोंदी पूर्ण भरल्या ते दाखवणारा पडदा. आमचा दवाखाना वर्षभर शंभर टक्क्यांवर होता. त्याबद्दल आम्हाला एक ढाल मिळाली. ती वजनकाट्याच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.

सुनंदाची सासू अनुसयाबाई तामसीकडच्या एका गावची, वय अठ्ठ्याहत्तर. आठ महिन्यांपूर्वी तिच्या पायांवर सूज आली, धाप लागू लागली. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी दोन औषधं सुरू केली. अंगात साठलेलं पाणी काढणारी लघवीची गोळी, आणि डिजॉक्सिन, रोज अर्धी. पुढची औषधं आमच्याकडून मोफत. त्यासाठी ती एकदाच आमच्याकडे आली. बसमध्ये तिला इतक्या उलट्या झाल्या की उतरल्या उतरल्या तिने जाहीर केलं, आता पुन्हा आदिलाबाद नको, सरळ मसणात न्या. तेव्हापासून दर महिन्याला तिचा मुलगा किसन कार्ड घेऊन येतो.

आमच्याकडे ही रीतच आहे. म्हातारी घरी, कार्ड बसमध्ये. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एकच माणूस गावातल्या चार म्हाताऱ्यांची कार्डं आणतो. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

आता डिजॉक्सिन. जुनं औषध आहे, एका फुलझाडाच्या पानांतून निघालेलं. थकलेल्या हृदयाला ते आवरतं; ठोके सावकाश पडतात, पण जोरात पडतात. उत्तम औषध. फक्त उपयोगाची मात्रा आणि घाताची मात्रा शेजारी शेजारी राहतात आणि मध्ये कुंपण नाही. रक्तात जरा जास्त झालं की आधी अन्नावरची वासना उडते. मग मळमळ. मग नाडी मंदावते. आणि काही जणांना, सगळ्यांना नाही, जग पिवळसर दिसू लागतं. हे आम्हाला फार्मसीच्या वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मी दोन मार्कही मिळवले होते. पुढच्या चाळीस वर्षांत एकही पेशंट मला 'पिवळं दिसतं' असं म्हणाला नाही. म्हणालेही असतील, सुनांना.

मी सुनंदाला विचारलं, भाकरच पिवळी दिसते की आणखी काही. ती थोडी घुटमळली.

"दूध बी पिवळं म्हणते. परवा भिंतीले चुना देला, तं म्हणे हळद काऊन फासली? म्या कोणाले सांगत नाही, मॅडम. लोक म्हणतीन, सुनेनं सासूले येडी ठरवली."

मका तेवढा तिने सांगितला, कारण तो तिच्या अंगावर आला होता.

गोळ्या कोण देतं, मी विचारलं. मीच, ती म्हणाली, आणि जरा ताठ झाली. रोज दुपारच्या जेवणावर, आणि आता जेवणच नाही तर पेजेच्या दोन घोटांवर. एका दिवसाचाही खाडा नाही. नणंदेला बोलायला जागा नको म्हणून ती रिकाम्या पट्ट्यासुद्धा डब्यात जपून ठेवते. गोळी चुकवू नका, हे मी चाळीस वर्षं जीव तोडून सांगत आले. माझं ऐकणारं माणूस अखेर भेटलं होतं, आणि त्या आज्ञाधारकपणानेच तिची सासू मरणाच्या वाटेला लागली होती.

मी कार्ड उघडलं. दीड महिन्यापूर्वी मात्रा वाढली होती, अर्धीच्या जागी पूर्ण गोळी. मायला अजून धडधडतं, असं किसनने सांगितलं होतं. त्याखाली औषध दिल्याची सही माझी. पुढच्या खेपेलाही माझीच. त्याच खेपेची, पंधरा दिवसांपूर्वीची, नोंद होती: मळमळ, जेवण कमी. त्यावर ॲसिडिटीची कॅप्सूल, आणि कारण म्हणून इंग्रजीत एकच शब्द, 'एज'. वय. आमच्या धंद्यातलं हे सर्वांत सोयीचं निदान. त्याला टेस्ट लागत नाही. ते कोणी खोडून काढत नाही. पेशंट गेला तर ते जास्तच बरोबर ठरतं.

मग माझं लक्ष वजनाच्या रकान्याकडे गेलं. पहिल्या भेटीला एकोणचाळीस किलो. दुसऱ्या महिन्यात सत्तर. मग एकाहत्तर, सत्तर, साडेएकोणसत्तर, सत्तर, आणि पुढेही सत्तरच. एका महिन्यात बाई एकतीस किलोंनी वाढली आणि कोणाची भुवई हलली नाही. माझीही नाही.

"सुनंदा, तुझी सासू सत्तर किलोची आहे?"

ती आल्यापासून पहिल्यांदा हसली. "सत्तर? मॅडम, तिले म्या लेकरावानी उचलून न्हाणीत नेते. सत्तर तं आमच्या घरचे भरतीन."

आमच्या घरचे म्हणजे किसन. 

मी सुजाताला, आमच्या नर्सला, बोलावलं. अनुसयाबाईचं वजन कोण घेतं? मीच, ती म्हणाली, दर महिन्याला, काट्यावर उभं करून. कोणाला उभं करून? तर कार्ड घेऊन जो येईल त्याला. रकाना रिकामा ठेवला तर लाल चांदणी येते आणि कॉम्प्युटर पुढे जात नाही. तिच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. उलट आपण मनाने आकडा टाकत नाही, खरंखुरं वजन घेतो, याचा तिला अभिमान होता. ती चप्पलही काढायला लावते.

चार म्हाताऱ्यांची कार्डं आणणाऱ्या माणसाला ती चार वेळा काट्यावर चढवते का, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी न कळलेल्या बऱ्या.

इथे थोडं थांबून समजून घ्या. डिजॉक्सिन शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडन्यांचं. वय वाढतं तशा किडन्या मंदावतात. दुखत नाहीत, तक्रार करत नाहीत, नुसत्या सावकाश काम करतात. तीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत वावरल्यामुळे मला हे समजायला कधी जड गेलं नाही. शिवाय म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं आणि मांस झडतं. घागरीच्या अंदाजाने घातलेलं मीठ वाटीत पडतं. आणि बाई असेल तर मुळात अंग लहान, मांस कमी, चरबीचं प्रमाण जास्त. ही गोळी चरबीत फारशी शिरत नाही. तिला मांसात मुक्काम लागतो. मांसच नसेल तर ती रक्तातच फिरत राहते.

किडन्या कसं काम करतात ते पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिनिन म्हणजे मांसातून रोज निघणारा कचरा. रक्तात कचरा कमी, तर किडनी चांगली, असं साधं गणित. पण एवढ्याशा म्हातारीच्या अंगात मांसच नाही, तर कचरा निघणार कुठून? रस्त्यावर कचरा पडत नाही आणि आपण झाडणाऱ्याला आदर्श कर्मचारी म्हणून हार घालतो. म्हणून नुसता रिपोर्ट वाचायचा नसतो. वय, वजन, आणि बाई की पुरुष, हे तिन्ही घालून हिशोब करायचा असतो. आमचा कॉम्प्युटर तो आपोआप करतो. फार हुशार आहे. वजन तेवढं त्याला आपण सांगावं लागतं.

मी सुनंदाला बाकावर बसवलं, रांगेची माफी मागितली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टर प्रणीत वरंगलकडचे, वय एकतीस, पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडे आलेले. पेशंटशी हिंदीत बोलतात, सुजाताशी तेलुगूत, माझ्याशी इंग्रजीत. चांगला मुलगा आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढच्या चार ओळींत तसं वाटणार नाही.

मी म्हटलं, अनुसयाबाईला डिजॉक्सिन चढलंय असं वाटतं. त्यांनी स्क्रीन उघडला.

"क्रिएटिनिन वन पॉइंट झीरो आहे, मॅडम. नॉर्मल. आणि डोस वाढवताना मी किडनी फंक्शन बघितलं होतं. फिफ्टी वन. ग्रीन."

"कोणाच्या वजनावर?"

"पेशंटच्या."

"ते किसनचं वजन आहे, डॉक्टर. तिच्या मुलाचं."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. थोडा फरक पडेल, ते म्हणाले. मी म्हटलं, किती पडतो ते बघू. एकशे चाळीसातून वय वजा करायचं. उरलेल्याला वजनाने गुणायचं. बहात्तर आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचं. बाई असेल तर आलेल्या उत्तरातले शंभराला पंच्याऐंशीच धरायचे. पहिल्या भेटीचे एकोणचाळीस किलो घालून त्यांनी फोनवर हिशोब केला. उत्तर अठ्ठावीस आलं. एक्कावन्नच्या जागी अठ्ठावीस. त्यांनी तो पुन्हा केला. फोन बदलला नव्हता, त्यामुळे पुन्हा अठ्ठावीसच आलं.

"मी तिला पाहिलंच नाही," ते म्हणाले.

"मी पाहिलं होतं," मी म्हटलं. "आठ महिन्यांपूर्वी, खिडकीतून. त्यानंतर दर महिन्याला तिच्या नावापुढे सही केली आहे."

त्या क्षणी आमच्यात कोण मोठा गाढव, हा प्रश्न आम्ही दोघांनी मोठ्या मनाने बाजूला ठेवला.

यात आमचा दवाखाना काही जगावेगळा नव्हता, हेही तुम्हाला सांगायला हवं. औषधांची मापं ठरवताना पूर्वी बहुतेक वेळा तरुण, धट्टेकट्टे पुरुष निवडले जायचे. बायकांच्या शरीरात महिन्याचे बदल होतात, त्याने गणित बिघडतं. पोटात मूल असलं तर आणखी पंचाईत. म्हाताऱ्यांना आधीच दुसरे चार आजार. तेव्हा दोघांनाही बाजूला ठेवलं आणि गणित छान सुटलं. मग ती गोळी आयुष्यभर खातं कोण? बायका आणि म्हातारे. झोपेच्या एका गोळीची बायकांसाठीची मात्रा तर बाजारात आल्यावर कितीतरी वर्षांनी निम्मी करावी लागली, कारण सकाळी उठल्यावरही ती त्यांच्या रक्तात रेंगाळत होती. मोठ्या लोकांनी हे कागदावर केलं. आम्ही साधी माणसं. आम्ही खरोखरच एक धट्टाकट्टा पुरुष आणून काट्यावर उभा केला.

साडेबारा वाजले होते. दुपारची गोळी द्यायचं काम सुनंदा किसनवर सोपवून आली होती. तिच्याच फोनवरून मी त्याला सांगितलं, आजची पांढरी गोळी देऊ नकोस, आणि आईला आत्ता घेऊन ये. त्याला पहिलंही पटलं नाही आणि दुसरंही.

"थेच तं दिलाची गोळी हाय, मॅडम. बंद केली अन मायले काही झालं तं लोक म्हणतीन, शेवटच्या टायमाले गोळी बी नाही देली."

मागून त्याचे काका बोलत होते. म्हातारीचं वय झालं, तिला गाडीत कोंबून हाल करू नका, उद्या लेक येते तिची भेट होऊ द्या. घरात सगळी तयारी शिस्तीत चालली होती. गंगेचं पाणी आणून ठेवलं होतं. मरायला टेकलेल्या बाईभोवती एवढी समजूतदार माणसं मी क्वचितच पाहिली. तिला काय होतंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "किसन, मैं बोल रहा हूँ. वो गोली मत देना."

"साहेब, तुमीच तं वाढवली होती ना?"

"हाँ. मैंने ही बढ़ाई थी. मेरी गलती हुई."

चाळीस वर्षांत मी डॉक्टरांच्या तोंडून पुष्कळ शब्द ऐकले. कॉम्प्लिकेशन ऐकला, रिॲक्शन ऐकला, दैव ऐकला. हा शब्द फार थोड्या वेळा ऐकला. हृदयाची गोळी चुकू शकते हे किसनने एक वेळ मानलं असतं. डॉक्टर चुकू शकतो, आणि तो तसं म्हणूही शकतो, हे त्याला झेपत नसावं. काकांचं मागून चालूच होतं.

तेवढ्यात सुनंदा बाकावरून उठून आत आली आणि तिने डॉक्टरांच्या हातून फोन घेतला. तिच्याच मालकीचा होता तो.

"आयका," ती नवऱ्याला म्हणाली. "डब्याले हात लावू नका. जीप सांगा अन आणा तिले. माय तुमची हाय, पण नाव माझं खराब होऊन राह्यलं. काकाजीले म्हणा, बसा बाजेवर."

तिने फोन ठेवला आणि एकदम पदर सावरून घेतला. काकांविषयी असं ती पहिल्यांदाच बोलली असावी. भूक लागायची बाटली मी पुन्हा फळीवर ठेवली. 

जीप तीन वाजता आली. मागच्या बाजूला गोधडी अंथरून त्यावर अनुसयाबाई, शेजारी किसन, आणि बाजेवर बसा म्हटलेले काका पुढच्या सीटवर. सुजाता धावत काटा घेऊन आली, आणि सवयीने किसनला म्हणाली, "चप्पल काढा." मग तिचं तिलाच कळलं आणि ती लाल झाली. म्हातारीला उभं राहवत नव्हतं. सुनंदा तिला उचलून काट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली, आणि आम्ही मोठ्या आकड्यातून लहान वजा केला. छत्तीस. या हिशोबाने तिच्या किडन्या सव्वीसवर होत्या. 

नाडी एका मिनिटाला चाळीस. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तो हातात धरूनच ॲम्ब्युलन्स मागवली. मोठ्या दवाखान्यात ॲम्ब्युलन्समधून नेताना ते स्वतः बरोबर गेले. लघवीच्या गोळीने अंगातलं पोटॅशियम नावाचा क्षारही उतरला होता, आणि तो उतरला की डिजॉक्सिन जास्तच चावतं. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

नणंद दुसऱ्या दिवशी किनवटहून थेट तिथेच आली. व्हरांड्यात पाय ठेवताच तिने विचारलं की गोळ्या कोण देत होतं. काका सुनंदाकडे बघू लागले. समजूतदार माणसाला अशा वेळी कुठे बघायचं ते बरोबर माहीत असतं. डॉक्टर प्रणीत तिथेच होते. त्यांनी हिंदीत सांगितलं की जास्त गोळी मी लिहिली, यांनी फक्त माझं ऐकलं, आणि भाकर पिवळी दिसते हे यांनी सांगितलं नसतं तर तुमची भेट झाली नसती. हे सगळं मला किसनने नंतर सांगितलं. नणंद काय म्हणाली, असं मी विचारलं. काही नाही, तो म्हणाला, डबा आणला होता तो सुनंदाले देला.

तिसऱ्या दिवशी नाडी साठीवर आली. सहाव्या दिवशी अनुसयाबाईने भाकर मागितली. सुनंदाने घरून करून आणली होती. म्हातारीने ती उलटीसुलटी करून पाहिली, उजेडाकडे धरली, आणि म्हणाली, "आज पांढरी हाय. मका सरला वाटते घरातला." मग पूर्ण खाल्ली.

मी सुनंदाला म्हटलं, हवं तर मी सासूला समजावून सांगते की मका कधी नव्हताच, ते सगळं औषधाने झालं.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "जेवून राह्यली ना."

डिजॉक्सिन कायमचं बंद झालं. त्याऐवजी दुसरं औषध आहे, तेही थोडक्या मात्रेत, आणि धडधड आटोक्यात आहे. हे वाचून तुमच्या तिथल्या कोणा आजीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. तिचा डॉक्टर तिला पाहतो का, एवढं आधी विचारा.

डॉक्टरांनी आणि मी घडलेलं सगळं लिहून हैदराबादला पाठवलं. सेक्रेटरी खरोखरच अस्वस्थ झाले. आठ दिवसांत कॉम्प्युटरमध्ये एक नवा रकाना आला: 'पेशंट स्वतः हजर आहे का?' लाल चांदणीसकट. 'नाही' भरलं की कॉम्प्युटर पुढे जात नाही. दुसऱ्या आठवड्यापासून आमचे सगळे पेशंट स्वतः हजर राहू लागले. त्यातले काही जण त्याच वेळी आपापल्या गावी ओसरीवर बसून सुपारी कातरत होते, पण डॅशबोर्डवर ते दिसत नाही. रोहन, यावर तुझ्याकडे उपाय असेल तर कळव. तिसरी चांदणी सुचवू नकोस.

आम्ही दोघांनी मग कॉम्प्युटरला न विचारता एक नियम केला. पासष्टीपुढचं माणूस तीन महिन्यांत डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर त्याच्या हृदयाच्या, साखरेच्या आणि झोपेच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच द्यायच्या. ज्यांना बस सोसत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर महिन्यातून एकदा काटा गाडीत घालून तामसीकडे जातात. गेल्या खेपेला मीही गेले होते. अनुसयाबाई आता अडतीस किलोची आहे. काट्यावर चढताना कुरकुरते. "दर महिन्याले तोलता," ती मला म्हणाली, "मी काय कापूस हाय?"

या नियमापायी तीन महिन्यांत माझ्याविरुद्ध चार लेखी तक्रारी हैदराबादला गेल्या आहेत. ती म्हातारी मॅडम लोकांना त्रास देते, साध्या गोळ्यांसाठी आईला घेऊन या म्हणते, असा त्यांचा आशय. चारही तक्रारी धडधाकट मुलांच्या आहेत आणि चारही खऱ्या आहेत. सेक्रेटरींनी खुलासा मागवला. मी एका ओळीत पाठवला: ज्याला गोळी गिळायची आहे, काट्यावर त्यानेच उभं राहावं.